गाडीचा पंखा : पट्ट्यावरचा बरा की विजेवरचा?

एप्रिल-मेचे दिवस. हापूसच्या पेट्या भरून पिकअप गाडी रत्नागिरीकडून कोल्हापूरच्या बाजाराला निघते. साखरपा मागे पडले की आंबा घाटाची चढण सुरू होते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढू लागते आणि तापमानाचा काटा तांबड्या रेघेकडे सरकू लागतो. वाफ दिसली की गाडी कडेला घ्यावी लागते. माल उन्हात तापतो, बाजाराची वेळ टळते, आणि हेड गॅस्केट गेले तर हंगामात मिळवलेले गॅरेजमध्ये ठेवून यावे लागते.

अशा वेळी कोणीतरी सल्ला देतोच, "दादा, हा जुना पंखा काढून टाका आणि विजेवरचा बसवा. गाडी तापायची नाही, डिझेलही वाचेल." सल्ला अगदीच खोटा नाही, पण सगळ्या गाड्यांना लागूही नाही. म्हणून खिशात हात घालण्याआधी दोन्ही पंख्यांचे गुणदोष पाहू.

पंखा काय करतो?

डिझेल जळून जी उष्णता निघते, तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भागच गाडी ओढण्याच्या कामी येतो. जवळपास तेवढाच भाग सायलेन्सरवाटे निघून जातो. उरलेल्यातला बराचसा भाग इंजिनाभोवतीचे पाणी घेते आणि रेडिएटरच्या जाळीतून हवेत सोडते. गाडी वेगात असेल तर समोरचा वारा हे काम फुकटात करतो. गाडी उभी किंवा संथ असली की पंख्याची गरज लागते.

जुन्या जीप, ट्रक आणि ट्रॅक्टर यांचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन जोरात तर पंखा जोरात. रचना साधी आणि खात्रीची. पण थंडीच्या पहाटे, गरज नसतानाही तो फिरतच राहतो आणि शक्ती खातो. पंख्याचे फेरे दुप्पट झाले की त्याला लागणारी शक्ती आठपट होते.

विजेचा पंखा गरजेपुरताच फिरतो. पाणी साधारण ९२ ते ९५ अंश सेल्सिअसला पोचले की उष्णतेवर चालणारा स्विच तो सुरू करतो आणि पाणी निवले की बंद करतो. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० गाडीला असाच पंखा होता. मात्र वीजही फुकट येत नाही. १२ व्होल्टवर २० अँपिअर घेणारा पंखा २४० वॅट खातो. अल्टरनेटरमधली तूट धरली तर इंजिनावर सुमारे अर्ध्या अश्वशक्तीचा भार पडतो. म्हणून डिझेल थोडेफार वाचेल, पण त्याच्या बळावर पंख्याचा खर्च लगेच वसूल होईल, असा हिशेब मांडू नका.

गाडी कोठे तापते?

खरे उत्तर या प्रश्नात आहे.

गाडी बाजार समितीच्या रांगेत, इंजिन संथ चालू असताना तापत असेल, तर दोष हवेच्या ओढीत आहे. संथ इंजिनावर पट्ट्याचा पंखाही संथच फिरतो. आधी पट्टा सैल आहे का ते पाहा. तो ठीक असेल, तर विजेच्या पंख्याचा येथे खरा उपयोग होतो, कारण इंजिन संथ असले तरी तो पुऱ्या वेगाने फिरतो.

गाडी भरल्या मालाने घाटात तापत असेल, तर घाई करू नका. खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते, त्यामुळे पट्ट्याचा पंखाही भरपूर हवा ओढतो. तो काढून लहानसा विजेचा पंखा लावला, तर दुखणे वाढेल.

आणि मोकळ्या रस्त्यावर, वेगात असताना तापत असेल, तर पंख्याचा दोषच नाही. चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, झिजलेला पाण्याचा पंप किंवा हेड गॅस्केट तपासून घ्या.

आपल्या गाड्यांच्या जाळीत भुसा, धूळ आणि किडे साचतात. इंजिन थंड असताना, इंजिनाकडच्या बाजूने बाहेर, मंद धारेने जाळी धुवा. रेडिएटरचे झाकण आणि कूलंट पाहा. एवढ्यानेच पुष्कळ गाड्या ताळ्यावर येतात.

बसवायचाच असेल तर

पंखा जाळीचा बहुतेक भाग व्यापणारा हवा, आणि त्याभोवती हवा बाहेर निसटू न देणारे कडे हवे. तो जाळी आणि इंजिन यांच्यामध्ये, हवा ओढणारा असा बसवावा. प्लास्टिकच्या पट्ट्या जाळीतून ओवून पंखा बांधू नये. हादऱ्याने जाळी झिजते. मजबूत पट्टीवर बसवावा. बॅटरीकडून येणारी वायर जाड असावी, तिच्यावर फ्यूज असावा आणि पंख्याचा भार रिलेवर घ्यावा, डॅशबोर्डच्या बटणावर नको. दिवे आणि पंखा मिळून लागणारी वीज अल्टरनेटर देतो की नाही, हे आधी तपासावे. जुन्या डायनामोच्या गाडीला हा भार झेपणे कठीण. पंखा काढला तरी पट्टा काढायचा नाही, कारण पाण्याचा पंप त्याच्यावरच चालतो.

मोठ्या ट्रकला मात्र हा खटाटोप करू नये. त्याच्या पंख्याएवढी हवा बाजारातला साधा विजेचा पंखा देत नाही. तेथे व्हिस्कस क्लचचा पंखा बरा. तो पट्ट्यावरच असतो, पण जाळीतून येणारी हवा तापली की जोर धरतो आणि निवली की सैल पडतो. वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्याआधी कंपनीच्या कार्यशाळेत विचारावे.

दोन गोष्टी घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही, कारण उकळते पाणी तोंडावर येते. आणि विजेचा पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा हात घालण्याआधी बॅटरीची तार सोडावी.

बैल धापा टाकू लागला तर आपण आधी त्याचे दुखणे पाहतो, नवी वेसण आणत नाही. गाडीचेही तसेच. आधी दुखणे शोधा, मग पंखा बदला.