‘मीथिंक्स’ : शेक्सपिअरच्या काळातले ‘मला वाटते’

‘मीथिंक्स’ हा जुना इंग्रजी शब्द ऐकला की व्याकरण चुकल्यासारखे वाटते. ‘आय थिंक’ म्हणायचे, तर हे इंग्रजी ‘मी’ (me) कुठून आले?

चूक मात्र नाही. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती: ‘थेंकन’ म्हणजे विचार करणे आणि ‘थिंकन’ म्हणजे भासणे, वाटणे. उच्चार जवळचे असल्याने पुढे दोन्ही एकमेकांत मिसळली. ‘मीथिंक्स’ दुसऱ्या क्रियापदातून आला. त्यातला ‘मी’ हा कर्ता नव्हे. त्याचा अर्थ ‘मला’. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण ‘मला वाटते’ची घडण अगदी अशीच आहे. जर्मन भाषेतला ‘मिश ड्युंक्ट’ हा जुना प्रयोगही याच कुळातला.

शेक्सपिअरने इ. स. 1600च्या सुमारास लिहिलेल्या ‘हॅम्लेट’ या नाटकामुळे हा शब्द टिकून राहिला. नाटकातले नाटक पाहताना राणी गर्ट्रूड म्हणते की, रंगमंचावरची राणी जरा जास्तच आणाभाका घेते आहे, आणि शेवटी ‘मीथिंक्स’ जोडते. आज लोक तो शब्द वाक्याच्या सुरुवातीला आणतात. शिवाय आणाभाका घेण्यासाठी तिथे आलेल्या ‘प्रोटेस्ट’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ठासून ग्वाही देणे’ असताना ‘नाकारणे’ असाच घेतात.

भूतकाळात याचे रूप ‘मीथॉट’ होते. आजच्या इंग्रजीत हा शब्द मुद्दाम जुना किंवा मिश्कील सूर लावण्यासाठीच येतो. त्यामुळे अर्जात किंवा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तो टाळावा. शेक्सपिअर वाचताना मात्र सरळ ‘मला वाटते’ असा अर्थ लावावा.