पलंगाखालचा माणूस आधी दाखवा

माध्यम अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला मी दरवर्षी एकच काम देते. दोन मिनिटांचा थरारपट करून आणायचा. एकच घर, फार तर दोन पात्रं, संवाद अजिबात नाही. काम फळ्यावर लिहून होतं न होतं तोच मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, रक्त कशाचं करायचं?" साखरेचा पाक, खाण्याचा लाल रंग, कोको पावडर असे पर्याय मुलंच सुचवतात आणि पुढचा अर्धा तास त्यातच जातो. पलंगाखाली लपलेल्या माणसाला कोणी कधी पाहिलं, हा प्रश्न मात्र अजून एकाही वर्गाने आपणहून विचारलेला नाही. सगळा थरार त्या प्रश्नात आहे.

गेल्या वर्षीच्या एका गटाची फिल्म सांगते. एक मुलगी रात्री खोलीवर येते. कुलूप काढते, बॅग खुर्चीवर टाकते, केस वर बांधते, गॅसवर चहा ठेवते. कप घेऊन पलंगावर बसते आणि तेवढ्यात खालून एक हात येऊन तिचा घोटा पकडतो. सोबत कानठळ्या बसवणारा आवाज. वर्ग दचकला आणि लगेच हसला. फिल्म दुसऱ्यांदा लावली तेव्हा कोणी दचकलंही नाही.

ती सुधारताना आम्ही नवीन काहीही शूट केलं नाही. त्यांच्याकडे पलंगाखालचा एक शॉट होता, अंधारात आत ओढून घेतलेल्या पावलाचा. तो त्यांनी हात बाहेर येण्याच्या जरा आधी लावला होता. तो उचलून सुरुवातीला नेला, मुलीची किल्ली कुलपात फिरते त्याच्याही आधी. बाकी फिल्म होती तशीच ठेवली. आता मुलगी निवांत आलं किसत होती आणि वर्गात कोणी हलत नव्हतं. चहा उकळायला लागणारी चाळीस सेकंदं आधी कंटाळवाणी वाटत होती, त्यातली दहा कापा असं मीच सांगितलं होतं. तीच आता संपता संपेनात. कप घेऊन ती पलंगाकडे वळली तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "अगं, बसू नकोस ना!" तिच्या तोंडून ते निघालं तेव्हाच त्या गटाला धडा कळला.

आल्फ्रेड हिचकॉकने दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हाच फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने समजावला आहे. दोघं गप्पा मारत बसलेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला धक्का बसतो पंधरा सेकंदांचा. बॉम्ब टेबलाखाली आहे आणि तो एक वाजता फुटणार आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असलं, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा त्याला पंधरा मिनिटं खुर्चीला खिळवून ठेवतात. हे उदाहरण बहुतेक फिल्म वर्गांत सांगतात. त्याच मुलाखतीतली हिचकॉकची कबुली मात्र फारशी सांगितली जात नाही. 1936 च्या 'सॅबोटाज'मध्ये एक शाळकरी मुलगा फिल्मचे डबे आणि त्यांच्यासोबत एक पुडकं घेऊन लंडनच्या बसमधून चाललाय. पुडक्यात बॉम्ब आहे, त्याला ठाऊक नाही, आपल्याला आहे. बस रहदारीत अडकते, घड्याळाचे काटे सरकतात आणि बॉम्ब खरंच फुटतो. मुलगा मरतो. प्रेक्षक चिडले आणि हिचकॉकने पुढे हे दृश्य आपली चूक होती असं मान्य केलं. इतका वेळ ताण वाढवल्यावर प्रेक्षकाला कुठेतरी सुटका द्यावी लागते, ती त्याने दिली नव्हती. माझ्या मते थरारपटाच्या विद्यार्थ्याने बॉम्बच्या सिद्धांताआधी ही चूक शिकावी. प्रेक्षकाला आपण काहीतरी सांगतो म्हणजे त्याच्याशी एक करार करतो, हे त्यातून कळतं.

आपल्याकडे रहस्यपट, थरारपट आणि भयपट हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. शिकणाऱ्याने ते वेगळे ठेवावेत, कारण तिन्हींचं एडिटिंग वेगळं होतं. राजा परांजप्यांचा 'पाठलाग' (1964) हा रहस्यपट. मरण पावलेल्या पत्नीसारखी हुबेहूब दिसणारी बाई आपणच ती असल्याचं सांगते आणि खरं काय हे शेवटपर्यंत आपल्यालाही कळत नाही. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून निघालेल्या या चित्रपटावरून दोनच वर्षांत हिंदीत 'मेरा साया' आला. उलट निशिकांत कामत यांचा हिंदी 'दृश्यम' (2015) बघा. मूळ चित्रपट जीतू जोसेफ यांचा, मल्याळम, 2013 चा. कामतांनी तो गोव्यात घडवला. त्यात एका कुटुंबाच्या हातून एक मुलगा मरतो आणि नेमका कोणाच्या हातून, हे आपण डोळ्यांनी पाहतो. रहस्य उरलेलं नाही. उरलाय तो ताण, की हे कुटुंब पोलिसांपुढे टिकेल का. पण जीतू जोसेफच्या पटकथेची खरी कमाल पुढे आहे. सगळं दाखवल्याचा भास देत ती एक गोष्ट आपल्यापासूनही लपवते, प्रेत कुठे आहे ही. म्हणजे थरारपटाच्या पोटात एक रहस्यपट दडलेला आहे. विद्यार्थ्यांना मी तो चित्रपट दुसऱ्यांदा वही घेऊन बघायला लावते. प्रत्येक दृश्यापुढे तीन रकाने करायचे, प्रेक्षकाला काय माहीत, नायकाला काय माहीत, पोलिसांना काय माहीत. पाच-सहा पानं भरली की पटकथेचा सांगाडा आपोआप दिसायला लागतो.

पुण्यातल्या मुलांसाठी तर श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' (2018) म्हणजे घरचाच अभ्यास. राघवन इथल्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी आणि कथाही पुण्यातच घडते. आंधळा असल्याचं सोंग घेतलेला पियानोवादक एका घरी वाजवायला जातो. तिथे नुकताच खून झालाय, प्रेत समोर आहे, खून करणारी माणसं घरातच आहेत. त्याला सगळं दिसतंय आणि दिसत असल्याचं चेहऱ्यावर आणायचं नाहीये. मागे दोघं मुकाट्याने प्रेत हलवतात, पुढे हा वाजवत राहतो. त्याचा चेहरा निर्विकार आहे, म्हणून चेहऱ्यावर यायला हवं होतं ते सगळं आपल्या छातीत होतं. त्याला दिसतं हे आपल्याला माहीत आहे, घरातल्यांना नाही. माहितीचा एवढासा फरक आणि त्यावर अख्खं दृश्य तोललेलं आहे.

मग रक्ताचं काय? हिचकॉकच्या 'सायको'तलं (1960) न्हाणीघरातलं दृश्य शूट करायला सुमारे आठवडा लागला, कॅमेऱ्याच्या 78 मांडण्या झाल्या आणि पडद्यावर 52 कट आले. सुरी अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप चाललं. आपण जे पाहिलं असं वाटतं, ते दोन शॉटच्या सांध्यात आपणच तयार केलेलं असतं. हे एडिट टेबलवर बसून एकदा स्वतः केलं की पाक आणि लाल रंगाचा विषय संपतो.

आवाजाबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण मुलं सगळ्यात कमी लक्ष तिथे देतात. दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा पहिला बोलपट 'एम' (1931). लहान मुलांचा खुनी पडद्यावर नीट दिसण्याआधी ऐकू येतो, संगीतकार ग्रीगच्या एका धुनेची शीळ घालत. भूमिका करणाऱ्या पीटर लोरेला शीळ घालता येत नव्हती, ती लांगनेच घातली. मुलीचा खून आपल्याला दिसत नाही. जेवणाच्या टेबलावर तिची रिकामी ताटली, गवतात घरंगळत आलेला चेंडू, तारांमध्ये अडकलेला फुगा, बस्स. पण तेवढ्यावर ती शीळ पुढे कुठेही ऐकू आली की अंगावर काटा येतो. हिचकॉकला 'सायको'च्या त्या दृश्यात सुरुवातीला संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने फक्त तंतुवाद्यांवर ते बांधून ऐकवलं आणि त्याचं मत बदललं.

आमच्या मुलांकडे मोबाइलवर उत्तम चित्र येतं. आवाज मात्र शेजारच्या टीव्हीसकट येतो आणि मग तो झाकायला वरून इंटरनेटवरचं ढणढण संगीत ओततात. म्हणून मी नियमच केलाय. प्रत्येक लोकेशनवर शूट संपल्यावर सगळ्यांनी एक मिनिट गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. तिला रूम टोन म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि ती पट्टी खाली असली तरच वरचे कट ऐकू येत नाहीत. चहावाल्या गटाने शेवटच्या आवृत्तीत संगीत पूर्ण काढलं. राहिली ती रूम टोन, गॅसचा भसभस आवाज आणि किसणीवरचं आलं. हात बाहेर आला तेव्हा आवाज वाढला नाही. किसणीचा बंद पडला होता, एवढंच.

पहिली फिल्म म्हणून थरारपट का, असं सहकारी विचारतात. नात्यांवरची हळवी लघुपटकथा द्यावी, असं त्यांचं म्हणणं. माझं मत ठाम आहे. हळव्या फिल्ममध्ये लांबलेला शॉट 'शैली' म्हणून खपतो, नजरेची दिशा चुकली तरी कोणी बोलत नाही. थरारपटात दार डावीकडे होतं की उजवीकडे हा गोंधळ झाला तर भीती तिथेच मरते आणि वर्ग ते तोंडावर सांगतो. इतका चोख शिक्षक दुसरा नाही.

आणि एक विनंती, विद्यार्थ्यांच्या घरच्यांना. मुलगा किंवा मुलगी शूटसाठी घरातली एक खोली मागेल, चार-पाच तासांसाठी, मित्रमैत्रिणींचा घोळका घेऊन येईल. द्या. पलंग हलवतील, दिवे काढतील, हलवू द्या. आणि ती सगळी शेवटी एका मिनिटासाठी गप्प उभी राहतील, तेव्हा तेवढा वेळ घरातले पंखे बंद ठेवा.