शिशाचा फेरा

चाकामागचे कारखाने : भाग ६

बॅटरीच्या दुकानात भाव विचारला की दुकानदार एक आकडा सांगत नाही, दोन सांगतो. जुनी देणार असाल तर इतके, नाहीतर इतके. गेल्या आठवड्यात पाहिलेला टायरवाला झिजलेल्या टायरकडे ढुंकूनही पाहत नाही. बॅटरीवाला मात्र मेलेल्या बॅटरीसाठी तुमच्या बिलातून पैसे कमी करायला तयार असतो. भारतातली सर्वांत जुनी नावाजलेली बॅटरी कंपनी, म्हणजे एक्साइड, समजून घ्यायची तर या दोन भावांपासूनच सुरुवात करावी लागते.

आधी डबा उघडू. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात आणि प्रत्येक घर साधारण दोन व्होल्ट देते. घरात शिशाच्या जाळीवर लेप थापलेल्या प्लेटा उभ्या असतात, एक शिशाची, एक शिशाच्या ऑक्साइडची, आणि त्या पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडालेल्या असतात. वीज काढली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसते, चार्जिंग केले की ते पुन्हा विरघळते. गाडी महिनाभर उभी राहिली की हे सल्फेट घट्ट होते आणि सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक ऐकू येते. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ साली हे जमवले, कामी फोर याने १८८१ मध्ये लेपाची युक्ती काढली. तत्त्व आजही तेच आहे. पूर्वी झाकणाची बुचे काढून दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घालावे लागे, कारण जाळीच्या शिशात अँटिमनी मिसळत आणि त्यामुळे पाणी लवकर उडे. अँटिमनीच्या जागी कॅल्शियम आले आणि बुचे गेली. 'मेन्टेनन्स फ्री' म्हणून जे विकले जाते, त्याचे रहस्य एवढेच.

आता कंपनी. इंग्लंडच्या क्लोराइड इलेक्ट्रिकल स्टोरेज कंपनीने १९१६ मध्ये भारतात बस्तान मांडले ते आयातदार म्हणून. तयार बॅटऱ्या बोटीने आणायच्या आणि इथे विकायच्या. पण बॅटरी म्हणजे ॲसिड भरलेले शिसे, तिचे ओझे समुद्रापार वाहत राहणे किती दिवस परवडणार? १९४६ मध्ये बंगालमध्ये श्यामनगरला पहिला कारखाना निघाला आणि ३१ जानेवारी १९४७ रोजी 'असोसिएटेड बॅटरी मेकर्स (ईस्टर्न)' या नावाने कंपनीची नोंदणी झाली. पुढे पाट्या बदलत गेल्या : १९७२ मध्ये क्लोराइड इंडिया, १९८८ मध्ये क्लोराइड इंडस्ट्रीज, १९९५ मध्ये एक्साइड इंडस्ट्रीज. नव्वदच्या दशकात विलायती मालकी सुटून सूत्रे राजन रहेजा समूहाकडे आली. मुख्य कचेरी मात्र कोलकात्यातच राहिली.

महाराष्ट्राचा संबंध १९६९ चा. त्या वर्षी कंपनीने दुसरा कारखाना चिंचवडला काढला. जागा अचूक निवडली होती. टेल्को आणि बजाज त्याच पट्ट्यात आकार घेत होते, आणि बॅटरीसारखा जड माल गिऱ्हाइकाच्या दाराशी तयार झालेला बरा. १९९८ मध्ये मुंबईच्या स्टँडर्ड बॅटरीजचे कारखाने एक्साइडने विकत घेतले, त्यांत तळोजा आणि कांजूरमार्ग होते. अहमदनगरचा कारखानाही तेव्हाच आला. दुकानात दिसणारे 'एसएफ सोनिक' हे नाव त्याच खरेदीतले. त्यातले एसएफ म्हणजे स्टँडर्ड-फुरुकावा. प्रतिस्पर्धी विकत घ्यायचा आणि त्याचे नाव चालू ठेवायचे, हा मला या कंपनीचा सर्वांत शहाणा सौदा वाटतो. पुढे तिरुपतीकडच्या अमरराजाने 'अमरॉन' आणून तिला घाम फोडला, ती कथा स्वतंत्र भागाची आहे.

या धंद्यात गिऱ्हाइके दोन जातींची. गाडी बनवणारी कंपनी हजारोंनी बॅटऱ्या उचलते, पण भाव पिळून घेते. खरा पैसा त्यानंतर. आपल्या उन्हात बॅटरी तीन-चार वर्षे टिकते, म्हणजे दहा-बारा वर्षे चाललेल्या गाडीत दोन-तीनदा तरी नवी बसते, आणि ती घेणारा मालक बहुधा रस्त्यात अडकलेला असतो. अडलेला माणूस घासाघीस करत नाही. म्हणून तर तालुक्याच्या गावापर्यंत डीलर पोचवण्यावर बॅटरी कंपन्यांचा एवढा जीव. दोन हजारच्या दशकातल्या भारनियमनाने त्यात घरोघरच्या इन्व्हर्टरची भर घातली. महावितरणने जितका अंधार केला, तितका बॅटरीवाल्यांच्या घरी उजेड पडला.

आणि आता ते दोन भाव. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसेच असते आणि त्याचा दर लंडनच्या धातूबाजारात ठरतो. तिथे दर चढला की चिंचवडच्या हिशेबाला कळ लागते. पण शिशाचा गुण असा की ते ३२७ अंशांना वितळते आणि कितीदाही वितळवले तरी दर्जा घटत नाही. मेलेली बॅटरी ही अर्धी तयार नवी बॅटरीच. भंगारातून शिसे काढणारी स्वतःची भट्टी असेल तर कच्च्या मालाची निम्मी चिंता मिटते. एक्साइडने नेमके हेच केले. 'क्लोराइड मेटल्स' या तिच्या उपकंपनीचा शिसे गाळण्याचा कारखाना पुण्याजवळ मरकळला आहे. माझ्या मते कंपनीचे बळ जाहिरातीत नाही, या भट्टीत आहे.

याच शिशाची काळी बाजूही आहे. गल्लीबोळातला भंगारवाला बॅटरी कुऱ्हाडीने फोडतो, ॲसिड गटारात ओततो आणि उघड्या भट्टीवर प्लेटा वितळवतो. तो धूर आणि ती धूळ आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते. मेंदूवर होणारा शिशाचा परिणाम उलटवता येत नाही. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारे नियम २००१ मध्ये आले, २०२२ मध्ये ते बदलून सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांना लागू झाले. तरी भंगारवाला चार पैसे जास्त देतो, कारण त्याला ना चिमणीचा खर्च ना मजुरांच्या रक्ततपासणीचा.

मध्ये कंपनीने आयुर्विम्यात हात घातला आणि तो धंदा एचडीएफसी लाइफला ६,६८७ कोटींना विकून ती मोकळी झाली. एवढ्यावर तो विषय पुरे. खरी परीक्षा लिथियमची आहे. २०२२ मध्ये एक्साइडने चीनच्या एसव्होल्टशी तंत्रज्ञानाचा करार करून बेंगळुरूजवळ लिथियम सेलच्या कारखान्याचे काम हाती घेतले. इथे मात्र शिशाचा फेरा कामाला येत नाही. शिसे देशातल्या देशात फिरते, लिथियमसाठी बाहेर पाहावे लागते. इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या म्हणून शिसे लगेच संपणार नाही, कारण त्यांतल्या बहुतेकींच्या बॉनेटखाली दिवे-वायपरसाठी १२ व्होल्टची जुनी शिशाची बॅटरी आजही असतेच. पण वाढ तिकडेच आहे आणि तिथे शंभर वर्षांची पुण्याई चालत नाही.

तुमची बॅटरी बसली तर जुनी अधिकृत डीलरकडेच द्या आणि बिलावर तिची वजावट लिहून घ्या. भंगारवाल्याचे जादा शंभर रुपये कुणाच्या तरी मुलाच्या रक्तातून येतात.