'कॅट पर्सन' आणि दुभंगलेला वाचक : कथनदृष्टीच्या अंगाने एक विवेचन

प्रस्तावना

एका लघुकथेवरून साहित्यवर्तुळाबाहेरील असंख्य वाचकांनी परस्परविरोधी भूमिका घ्याव्यात, असे क्वचितच घडते. अमेरिकन लेखिका क्रिस्टन रूपेनियन यांची 'कॅट पर्सन' ही कथा डिसेंबर २०१७ मध्ये 'द न्यूयॉर्कर' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली, तेव्हा मात्र तसे घडले. ऑक्टोबर २०१७ मध्ये चित्रपटनिर्माता हार्वे वाइनस्टीन यांच्यावरील आरोपांना वाचा फुटली होती व 'मी टू' चळवळ ऐन भरात होती. त्यामुळे वादाचे श्रेय बहुधा त्या काळाला दिले जाते. ते अंशतःच खरे आहे. वाचकांमधील दुहीचे मूळ कथेच्या रचनेतही आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कथेचे स्वरूप

चित्रपटगृहातील खाद्यपदार्थांच्या विक्रीखिडकीवर काम करणारी वीस वर्षांची विद्यार्थिनी मार्गो आणि तेथे येणारा रॉबर्ट यांची ओळख होते. काही आठवडे मोबाइलवरील संदेशांतून जवळीक वाढते. प्रत्यक्ष भेट अवघडलेपणात पार पडते, तरी मार्गो त्याच्या घरी जाते. तेथे तिला त्याच्याविषयी किळस वाटू लागते. पण आता माघार घेतली तर आपण लहरी ठरू, या संकोचाने ती थांबत नाही. तो चौतीस वर्षांचा असल्याचे तिला नंतर कळते. ती संपर्क टाळू लागते व अखेर तिच्या खोलीतील मैत्रीण तिच्या वतीने नकाराचा संदेश धाडते. कथेच्या शेवटी रॉबर्टचे संदेश क्रमाने चढत जातात आणि एका शिवीवर थांबतात.

प्रतिसादांचे प्रवाह

या कथेवरील प्रतिसादांत स्थूलमानाने तीन प्रवाह दिसतात. अनेक स्त्रियांना तीत स्वतःचा, आजवर नाव न मिळालेला अनुभव सापडला. अनेक पुरुषांना रॉबर्ट हा बुजरा व गोंधळलेला माणूस वाटला. मार्गोने त्याला झुलविले आणि कारण न सांगता दूर केले, असा त्यांचा आक्षेप होता. रॉबर्टच्या स्थूल देहाचे वर्णन उपहासात्मक आहे, असे तिसऱ्या गटाचे म्हणणे होते. लक्षणीय बाब अशी की, पुष्कळांनी ही कथा आत्मकथनपर लेख समजूनच वाचली.

दुहीची कारणमीमांसा

कथन तृतीयपुरुषी असले तरी ते सर्वस्वी मार्गोच्या जाणिवेतून घडते. रॉबर्टचे मन वाचकाला कोठेही उघडून दाखविलेले नाही. जर्मन समीक्षक वोल्फगांग इझर यांनी संहितेतील 'रिकाम्या जागा' वाचक स्वतः भरतो, असे प्रतिपादन केले. येथे तर मार्गो स्वतःच तशी वाचक आहे. संदेशांवरून ती रॉबर्टला हळवा, विनोदी ठरविते. मोटारीत बसताच तो आपला खून करील अशी शंकाही तिच्या मनात येते. त्याने सांगितलेल्या दोन मांजरी त्याच्या घरात तिला दिसत नाहीत. त्या आहेत की नाहीत, याचा निर्णय कथा देत नाही. देहवर्णनही मार्गोच्याच नजरेतून आलेले असल्याने ते लेखिकेचे मत मानावे की पात्राच्या मनःस्थितीचा पुरावा, हा प्रश्न उरतो. शेवटची शिवी ही रिकामी जागा बुजविते, असे काहींना वाटते. परंतु नकारानंतरचा रॉबर्ट त्यातून कळला, तरी त्या रात्रीच्या रॉबर्टच्या मनात काय होते हे कळत नाही.

दुसरे कारण संमतीच्या प्रश्नाशी निगडित आहे. रॉबर्ट धाक दाखवीत नाही. मार्गो उघड नकार देत नाही. तरीही जे घडते ते तिला नकोसे असते. दोषी कोण, एवढेच विचारणाऱ्या वाचकाला येथे पुरेसे उत्तर मिळत नाही. होकार आणि इच्छा यांतील अंतर, तसेच दुसऱ्याला न दुखविण्याच्या सवयीतून स्वतःवर ओढवून घेतलेली बळजबरी, हा या कथेचा खरा विषय आहे.

कल्पित आणि साक्ष

जुलै २०२१ मध्ये 'स्लेट' या नियतकालिकातील लेखात एका तरुणीने मार्गोचे गाव, नोकरी इत्यादी तपशील आपल्या आयुष्यातून घेतल्याचे लिहिले. असे तपशील समाजमाध्यमांवरून मिळाल्याचे रूपेनियन यांनी तिला कळविले होते. आपल्या परिचयातील पुरुष मात्र रॉबर्टसारखा वागला नव्हता, असे त्या तरुणीचे म्हणणे होते. त्यानंतर चर्चा कथेवरून लेखिकेच्या नैतिकतेकडे वळली.

मराठी वाचकाला हा प्रवास अपरिचित नाही. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कळ्यांचे निःश्वास' या संग्रहाने सुशिक्षित अविवाहित स्त्रियांच्या मनाचा कोंडमारा मांडला, तेव्हाही वादळ उठले आणि ही लेखिका आहे तरी कोण, हे कुतूहल प्रबळ ठरले. दोन्ही प्रसंगी स्त्रीच्या अंतर्मनाचे कल्पित चित्र साक्ष म्हणून वाचले गेले, आणि साक्ष म्हटली की साक्षीदाराची उलटतपासणी ओघानेच आली.

समारोप

अशी कथा वर्गात शिकविताना चर्चा तत्काळ 'चूक कोणाची' या प्रश्नावर येते. तो प्रश्न त्याज्य नाही. मात्र त्याआधी 'हे कोणाच्या नजरेतून दिसते' आणि 'काय दाखविलेले नाही' हे दोन प्रश्न विचारले जाणे आवश्यक आहे. त्यामुळे मतभेद मिटतील असे नाही. पण मार्गोविषयी वा रॉबर्टविषयी आपण मांडलेले मत किती संहितेतून आले आणि किती स्वतःच्या अनुभवातून, हे विद्यार्थ्याला तपासता येईल. ज्या अनुभवाला तक्रारीची भाषा अपुरी पडते, तो ऐकून घेण्याची सवय अशा वाचनातूनच लागते.