काळ्या दगडाखालची जुनी जमीन

गंगाखेड परिसरात विहीर खणली की काळा दगड लागतो. आपला पाटा-वरवंटा त्याचाच, जुन्या घरांच्या भिंतीही त्याच्याच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, त्याचे हे थर. पण हा दगड म्हणजे नुसते पांघरूण. त्याखालची जमीन कितीतरी जुनी आहे.

भारताची ही जुनी जमीन एकसंध नाही. प्राचीन काळी तिचे उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे तुकडे वेगळे होते. ते सरकत जवळ आले, मधला समुद्र मिटला आणि टकरीतून पर्वत उभे राहिले. असे दोन तुकडे जिथे जोडले जातात, त्या पट्ट्याला सांधा म्हणता येईल. लडाखमधला सिंधूकाठचा सांधा सुमारे ५ कोटी वर्षांचा. मध्य भारतातला त्याहून फार जुना, तिथली उलथापालथ सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत चालली. ते पर्वत झिजले, खुणा उरल्या. नागपूरजवळचे मनसर, भंडाऱ्यातले चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे निघणारे मँगनीज मूळचे समुद्रतळावर साचलेले. पुढे ते टकरीत दाबले आणि भाजले गेले.

मराठवाड्यात जुना खडक लाव्हाखाली झाकलेला आहे. किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर काळा दगड ओलांडल्यावर त्याचा माग लागला. किल्लारी मध्य भारतातल्या त्या सांध्यापासून दूर आहे. पण जुन्या खडकात कमकुवत जागा इतरत्रही असतात. भारताचा भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो, हिमालयाशी अडतो आणि ताण साठतो. तो कमकुवत जागी सुटतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, फजरच्या बऱ्याच आधी, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. झोपेतली हजारो माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या आणि माळवदाचा भार अंगावर आला. २०२४ च्या मार्च आणि जुलैत हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते परभणीतही जाणवले.

जमिनीखालचा खडक आपल्या हाती नाही, घर मात्र आहे. गळती थांबवायला माळवदावर दरसाल मातीचा नवा थर घालू नका. जुनी जादा माती जपून उतरवा. दगडी भिंतीच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे लांब दगड बसवा. नव्या घराला दारे-खिडक्यांच्या वर सलग सिमेंट-लोखंडाचा पट्टा घ्या. गवंड्याशी दर ठरवताना एवढे आधी विचारा.