वीज आल्यावर कोणता कर्नल उठतो?

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार प्रसिद्ध आहे. तिथल्या व्यापाऱ्याच्या हातातला मोबाइल अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या पोटात लिनक्सचा कर्नल चालतो. लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतलेला हा गाभा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा कारभार पाहतो. एकाच डिस्कवर असे दोन-तीन कर्नल असले, तर आपोआप कोणता सुरू व्हायचा हे आधीच ठरलेलं असतं. हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो यंत्राजवळ कुणीही नसताना अमलात येतो.

नवा कर्नल बसवताना त्याच्या जोडीला एक छोटी फाईल-व्यवस्था तयार होते. डिस्क ओळखायला लागणारे ड्रायव्हर तिच्यात असतात. ती लिहिली जात असतानाच वीज गेली, तर कर्नल बसलेला दिसतो, पण डिस्क सापडत नाही. अशा वेळी जुना कर्नल शिल्लक असेल तरच संगणक उठतो. म्हणून फेडोरा ही लिनक्सवरची प्रणाली साधारणपणे शेवटचे ३ कर्नल ठेवते. जागा हवी म्हणून जुने कर्नल पुसून टाकणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन: निदान एक तरी राहू द्या.

लिनक्सच्या संगणकांवर कोणता कर्नल सुरू करायचा ही निवड बहुधा ‘ग्रब’ नावाचा प्रोग्राम करतो. उबुंटू या लिनक्स-प्रणालीत ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाईलमध्ये ‘ग्रब_डिफॉल्ट’ची किंमत ० असते, म्हणजे यादीतली पहिली नोंद. तिथे २ लिहून निश्चिंत होणारे पुष्कळ. पण सगळे कर्नल एकाच यादीत असतील, तर नवा आला की यादी सरकते आणि तोच आकडा दुसऱ्याच नोंदीवर जाऊन बसतो. आणि उबुंटूत तर जुने कर्नल उपमेनूत असतात, तिथवर साधा आकडा पोहोचत नाही. म्हणून आकड्याऐवजी नोंदीची ओळख लिहावी आणि मग ‘अपडेट-ग्रब’ चालवावं. त्याशिवाय बदल लागू होत नाही. फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात ‘ग्रबी’ या आज्ञेला थेट कर्नलच्या फाईलचं नाव सांगता येतं.

सर्वांत शहाणी सोय मात्र ‘ग्रब-रिबूट’ची आहे. ‘ग्रब_डिफॉल्ट’ला ‘सेव्ह्ड’ लिहून ठेवलं, की ही आज्ञा नव्या कर्नलला एकदाच संधी देते. ग्रब ती खूण कर्नल सुरू करण्यापूर्वीच पुसतो. त्यामुळे नवा अडकला, तर पुढच्या सुरुवातीला जुनाच येतो. कर्नलच्या ओळीत ‘पॅनिक=१०’ जोडलं, तर पॅनिक झाल्यावर, म्हणजे कर्नल कोलमडल्यावर, १० सेकंदांनी यंत्र स्वतःहून पुन्हा सुरू होतं. तंत्रज्ञ जालन्याहून यायचा असेल, तर याची किंमत कळते. एक अडचण आहे: खूण पुसायला ग्रबला डिस्कवर लिहावं लागतं, आणि कर्नल जिथे असतो तो ‘/बूट’ विभाग एलव्हीएम या डिस्क-विभागणीच्या व्यवस्थेवर असेल तर ते त्याला जमत नाही.

अनेक अँड्रॉइड मोबाइलांत हीच युक्ती आहे. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची सोय झाली. अपडेट न वापरलेल्या प्रतीत जातं; ती नीट उठली तरच कायम होते, नाहीतर मोबाइल आधीच्या प्रतीवर परततो.

जुन्यावर कायमचं बसून राहणं मात्र धोक्याचं. ‘डर्टी काऊ’ नावाची फट २००७ पासून कर्नलमध्ये होती. तिच्यातून साधा वापरकर्ता संगणकाचा मालक होऊ शकत होता. ती २०१६ मध्ये बुजवली गेली, पण ज्यांनी जुना कर्नलच मुख्य करून ठेवला होता, त्यांची उघडीच राहिली.

आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभारलेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पामुळे लिनक्सचे धडे मराठीत ऐकता येतात. गावातल्या शाळेत लिनक्स शिकवताना फोल्डर आणि फॉन्टच्या आधी मुलांना ‘युनेम -आर’ चालवायला लावावं, म्हणजे आत्ता कोणता कर्नल चालू आहे ते दिसेल. मग यंत्र पुन्हा सुरू करून, मेनूतून जुना निवडून, तीच आज्ञा पुन्हा चालवावी.