टिळकांचं कीर्तन आणि आमचं नरसी

आमच्या हिंगोलीतलं नरसी म्हणजे नामदेवांचं गाव. कीर्तन आमच्या कानावर लहानपणापासून पडलेलं. म्हणूनच एका ख्रिस्ती धर्मोपदेशकानं तेच कीर्तन उपदेशासाठी हाती घेतलं, हे वाचलं तेव्हा मी थांबलोच.

ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. 'फुलामुलांचे कवी' म्हणून शाळेत भेटतात, पण त्यांचं पाळक म्हणून काम फार कमी लोकांना माहीत आहे. जन्म १८६१, कोकणातलं करजगाव. रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी गप्पा रंगल्या आणि त्यानं त्यांना नव्या कराराची प्रत दिली. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) पाळक, 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचे लेखक-संपादक, वक्ते. त्यांच्या आधी मराठी चर्चमध्ये बरीचशी गाणी इंग्रजी चालींवर बेतलेली असत. टिळकांनी अभंग, भजन, ओवी आणली. टाळ वाजू लागले! तुकोबांचं ऋण ते उघडपणे मानत.

मला सगळ्यात भावतं ते त्यांचं १९१७ चं पाऊल. मिशनचा पगार सोडून ते संन्यस्त झाले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, येशूला मानणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती. पुढारीपण असं स्वतः जगून दाखवणारे किती असतात?

९ मे १९१९ ला ते गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर आज रात्रीच उघडा.